शिळं पाणी

आमच्या घरात पाण्याचे दोन पंथ होते, ताज्याचा आणि शिळ्याचा. ताज्या पंथाची आत्या. पहाटे नळ आला की आदल्या दिवसाचे हंडे-कळशा ती मोरीत उपड्या करायची, राखेनं घासायची आणि नव्यानं भरायची. त्याआधी कुणी माठातलं कालचं पाणी तोंडाला लावलंच, तर “शिळं पानी काय पितीस, ढोर हाय का तू?” हे ऐकून घ्यावं लागे. शिळ्या पंथाचे एकटे अण्णा, म्हणजे माझे वडील. त्यांच्या दोन बादल्या मागच्या ओट्यावर कायम भरलेल्या असत, उघड्या, उन्हात. नळाच्या पाण्याला औषधाचा वास असतो, दिवसभर उघडं ठेवलं की तो उडून जातो, आणि तसं वास उडालेलं पाणीच टाकीतल्या माशाला मानवतं, असा त्यांचा सिद्धांत. आत्या त्या बादल्यांजवळून जाताना पदर सावरून जायची. एकाच ओट्यावर हे दोन पंथ नांदत होते आणि मधे आई भांडी घासत बसलेली असायची.

आम्ही सातपूरला राहायचो. कारखान्यातल्या लोकांची बैठी घरं होती. दोन खोल्या, मागं ओटा, ओट्यापलीकडे कढीपत्त्याचं झाड आणि अण्णांनी लावलेली केळ. सकाळी भोंगा झाला की सायकलींच्या घंट्यांचा एक लोंढा गल्लीतून जायचा, आणि तो गेला की इतकं सामसूम व्हायचं की बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या टाकीतले बुडबुडे स्वयंपाकघरात ऐकू यायचे. तो आवाज माझ्या लहानपणाचा. अजूनही कुठे हॉटेलात नाहीतर दवाखान्यात माशांची टाकी असली, की मी त्या बाजूची खुर्ची धरते.

अण्णा आणि आत्या एकमेकांशी बोलत नसत. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आत्या अण्णांची धाकटी बहीण, सुमन. दिंडोरीजवळच्या गावात दोघं वाढली. वडील लवकर गेल्यामुळे तिचं लग्न अण्णांनीच जमवलं, इगतपुरीला. पहिल्याच वर्षी ती माहेरी आली आणि म्हणाली, मी परत जायची नाही, तो माणूस बरा नाही. अण्णांनी चार भाऊ करतात तेच केलं. समजूत घातली, साडी घेतली आणि स्वतः गाडीत बसून तिला सासरी नेऊन सोडलं. त्यानंतर तिनं काय काय सोसलं ते ती कधी बोलली नाही. नवरा दारूपायी गेला, ती एक ट्रंक घेऊन आमच्याकडे आली. आली ती मोठ्या हक्कानं आली, स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, मला न्हाऊमाखू घातलं, आईशी तर तिचं मेतकूटच जमलं. फक्त अण्णांशी अबोला. मी कळत्या वयाची झाले तेव्हा तो अबोला इतका जुना झाला होता की कुणाला त्याचं काही वाटत नसे.

निरोपाचं काम माझ्याकडे. “कुंदे, तुझ्या बापाला सांग, जेवायला वाढलंय.” अण्णा तीन हातांवर बसलेले, त्यांना स्वच्छ ऐकू गेलेलं. तरी मी जाऊन म्हणायचं, “अण्णा, जेवायला वाढलंय.” मग अण्णा, “तुझ्या आत्याला सांग, आलोच.” मी नसले की आई. एकदा ती वैतागून म्हणाली, “एक घंटा बांधा माझ्या गळ्यात, म्हणजे टपालवाली आली हे तरी कळेल लोकांना.” दोघंही हसली, पण वेगवेगळ्या भिंतींकडे बघून.

मासा आला तो अण्णांच्या कारखान्यातल्या एका दोस्तानं मुंबईहून पिशवीत घालून आणलेला. बोटभर होता, काळा, अंगावर पांढऱ्या रेघांची नक्षी. ऑस्कर म्हणतात त्याला. हे बोटभर बाळ वर्षात भाकरीच्या ताटलीएवढं होतं, हे त्या दोस्तानं सांगितलं नव्हतं. पहिली टाकी लहान पडली म्हणून अण्णांनी ओट्यावर लोखंडी अँगल कापले, वेल्डिंग करून सांगाडा केला, जाड काचा आणून पुट्टीनं बसवल्या. टाकी आत आणायला गल्लीतले चार जण लागले. आईनं नारळ फोडला. मासा पोक्त, पोट सुटलेला, कपाळावर आठी असल्यासारखा, आणि समोर कोण उभं आहे ते नीट निरखून मगच जवळ येणारा. आईनं त्याचं नाव भाऊसाहेब ठेवलं.

भाऊसाहेबांची बडदास्त मोठी. अण्णा कामावरून आले की आधी टाकीसमोर उकिडवे बसायचे. कल्ले सावकाश हलतायत का, डोळा स्वच्छ आहे का, कपाळाजवळ बारीक खड्डे तर पडले नाहीत ना, हे बघायचे. घाण पाण्यात ठेवलं आणि एकच एक खायला घातलं, की या जातीच्या माशाच्या डोक्याला भोकं पडतात. त्याचं खाणं राक्षसाचं आणि घाणही तशीच. म्हणून रविवारी अण्णा नळी तोंडानं ओढून तळची घाण काढायचे, दोन-तीन बादल्या पाणी जायचं आणि ओट्यावरचं उडालेलं पाणी तेवढंच घालायचं. तेवढंच. सगळं पाणी कधीही बदलायचं नाही, काही झालं तरी नाही. हे त्यांनी आईला बजावलं होतं, मला बजावलं होतं, मासा बघायला येणाऱ्या शेजाऱ्यांनाही ऐकवून झालं होतं. काढलेलं पाणी मागच्या निळ्या पिंपात साठायचं आणि तिथून केळीला जायचं. ती केळ मात्र अशी माजली होती की बघणाऱ्यानं दृष्ट काढावी.

आणि भाऊसाहेब रुसायचे. हे मी मनाचं सांगत नाही, ऑस्कर पाळणाऱ्या कुणालाही विचारा. पाणी बदललं, टाकीतला दगड हलवला, की हा मासा तळाशी जाऊन चक्क आडवा पडायचा, मेल्यासारखा, वरचा डोळा आमच्यावर रोखून. पहिल्यांदा आईनं रडायचंच बाकी ठेवलं होतं. तासाभरानं साहेब उठले आणि खायला मागू लागले. “या घरात मासासुद्धा अबोला धरतो, पाण्याचाच गुण,” आई म्हणाली. त्या दिवशी आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बराच वेळ टाकीकडे बघत होती.

आत्या माळकरी. मासा घरात आला तेव्हा तिनं मला सांगून ठेवलं होतं, “त्याच्या पान्याचा थेंब माझ्या चुलीकडं येता कामा नये, सांग तुझ्या बापाला.” अण्णा त्याला गांडुळं घालायचे तेव्हा ती डोळे मिटून घ्यायची. पण दुपारी घरात दोघंच. आई शिवणाच्या क्लासला, मी शाळेत, अण्णा कामावर. थंडीत मटार सोलताना एक दाणा घरंगळून टाकीजवळ गेला आणि भाऊसाहेब काचेला येऊन भिडले, असं ती सांगायची. तिनं दाणा उकडला, साल काढली, पाण्यात टाकला. त्यानं खाल्ला. पुढं पुढं तो तिच्या बोटातून घ्यायला लागला. अण्णांना या गोष्टीचा पत्ता लागला तो माशाचा रंग खुलला तेव्हा. “हिरवं खातोय हा,” ते म्हणाले, “कोण घालतं?” मी आत्याकडे बघितलं. आत्या तांदूळ निवडत होती. “कुंदे, सांग तुझ्या बापाला, मी घालते. नुसतं किडामुंगीवर कुनी जगतं का?” अण्णांनी पुढच्या बाजारात मटार जास्त आणले.

सूर्यग्रहण आलं ते थंडी सरता सरता. आत्याची तयारी आदल्या दिवसापासून. लोणच्याच्या बरणीवर दर्भाची काडी, दुधात तुळशीचं पान, दही-तुपात पान, पिठाच्या डब्यावर काडी. ग्रहण सुटेपर्यंत घरात चूल पेटणार नाही, कुणी पाणीसुद्धा पिणार नाही. अण्णा पहिल्या पाळीला निघाले, कारखान्याला काही ग्रहण लागत नाही. आम्ही दारं-खिडक्या लावून बसलो. उन्हाचा रंग पितळेसारखा झाला, कावळे गप्प झाले, आणि नंतर गल्लीत “दे दान, सुटे गिराण” अशी आरोळी आली तेव्हा आत्या सूप भरून धान्य घेऊन दारात गेली. ग्रहण सुटलं. आई मला घेऊन गंगेवर आंघोळीला निघाली. नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. आत्या म्हणाली, तुम्ही या जाऊन, मी घर धुवून काढते.

रामकुंडावर ही गर्दी. आम्हाला परतायला बराच उशीर झाला. घरात शिरलो तर फरशा ओल्या, हंडे-कळशा लखलखीत, धूप जळतोय. आणि बाहेरच्या खोलीत टाकी अशी झळकत होती की मला आधी वाटलं आत पाणीच नाही. काचेवरचा हिरवा थर गेलेला, वाळू पांढरीशुभ्र, आणि वर पाण्यावर तुळशीचं एक पान तरंगत होतं. आत्या पदरानं हात पुसत उभी. इतकी प्रसन्न मी तिला क्वचित पाहिलेली. “आत्ताच सोडला त्याला,” ती म्हणाली. “समदं पानी काढलं, वाळू कढत पान्यानं धुतली. साबन नाय लावला हां, तोंडात घेतंय ते लेकरू. परातीत ठिवला व्हता तवर, सूप झाकून.”

आई टाकीकडे धावली. “अगंबाई! वन्सं, सगळं पाणी?”

“मंग? घरातली समदी मानसं ग्रहनाची आंघोळ करनार, आन् हा एकटाच त्या पान्यात बसनार व्हय?”

भाऊसाहेब तळाशी आडवे पडले होते. “रुसलाय,” आत्या म्हणाली, “हात लावला ना मी. उठंल.” खरं तर तो असाच पडायचा. आईला तेवढाच आधार वाटला. पण नळाच्या पाण्याचा वास त्या दिवशी खोलीभर होता, दवाखान्यात येतो तसा. मी काचेला नाक लावलं. नेहमी रुसला की त्याचा डोळा आमच्यावर असायचा. आज डोळा कुठंच नव्हता. कल्ले भराभर उघडझाप करत होते आणि अंगावर दुधाची साय धरावी तसा पातळ पांढरा थर आला होता.

तेवढ्यात अण्णांची सायकल वाजली. ते दारात आले, टाकी बघितली, आणि डबा हातातून खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. मी निरोप सांगायला तोंड उघडलं. काय सांगणार होते देव जाणे. अण्णा माझ्या बाजूनं सरळ पुढं गेले.

“सुमे,” ते म्हणाले, “जुनं पाणी कुठंय? फेकलं?”

 आत्यानं आधी माझ्याकडे बघितलं, सवयीनं. मग ती त्यांच्याकडे वळली.

“मागं. पिंपात. झाडास्नी कसलं आलंय ग्रहन.”

अण्णांनी शर्टाच्या बाह्यासुद्धा वर केल्या नाहीत. दोन्ही हात टाकीत घातले, मासा ओंजळीत धरून मागं पळाले आणि निळ्या पिंपात सोडला. पाणी गढूळ, हिरवट, उन्हानं कोमट झालेलं, पण त्याचं होतं. सोडल्याबरोबर भाऊसाहेब कलंडले. हवेचा पंप आत, वायर पुरेना. अण्णांनी पिंपात हात घालून त्याला पोटाखालून उभा धरला आणि पुढं-मागं हलवायला लागले, पाणी कल्ल्यांतून जावं म्हणून. “वरून पाणी वत,” ते म्हणाले, “उंचावरनं. हवा मिसळू दे.” कारखान्यात इतकी वर्षं काढून ते शहरासारखं बोलायचे, पण त्या दिवशी गावची बोली कधी तोंडात आली ते त्यांनाही कळलं नसावं. आत्यानं तांब्या घेतला. पिंपातलं पाणी भरायचं, डोक्याच्या वर न्यायचं, ओतायचं. परत भरायचं. तिच्या तोंडावर, अण्णांच्या डोक्यावर शिंतोडे उडत होते. शिळ्या पाण्याचे, आणि तेही ग्रहणातल्या. मी आणि आई दारात उभ्या. मदतीला जावं असं दोघींनाही वाटलं नाही.

“मेला तर मी काय करू रं?” आत्या म्हणाली. हात चालूच होता. “म्या मारलं त्याला.”

“गप. मरत नाय.” थोड्या वेळानं अण्णा म्हणाले, “समदं पानी काढायचं नसतं. त्या जुन्या वाळूत, पान्यात कायतरी धरलेलं असतं, डोळ्याला दिसत नाय. त्येच त्याची घाण पचवतं. ते गेलं की नुसतं पानी उरतं.”

“विरजनावानी?”

अण्णांनी मान वर केली. “हां. विरजनावानीच.”

“मंग हे मला सांगायचं ना!” आत्याचा तांब्या पहिल्यांदा थांबला. “विरजन मोरीत वतनारी बाई हाय का मी? समद्या गल्लीला सांगितलंस. त्या शेजारच्या पोरास्नी सांगितलंस. मला कुनी सांगितलं?”

अण्णा माशाकडे बघत राहिले. “तुला सांगायला पायजे व्हतं,” ते म्हणाले. “मीच सांगायला पायजे व्हतं.”

“मीबी सांगितलं व्हतं तुला.” आता तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. “नाशिकरोडच्या ठेसनात, बाकड्यावर. नाय जायचं म्हनून. तुझं धोतर धरलं व्हतं. तू ऐकलं नायस.”

ही गोष्ट आईनं मला सांगितली होती, पण बाकडं आणि धोतर तिलाही माहीत नव्हतं. आईनं माझा हात घट्ट धरला. अण्णांचे हात पाण्याखाली पुढं-मागं, पुढं-मागं चालले होते. ते सोडून तोंड पुसायचीही सोय नव्हती त्यांना. ते रडत होते, आणि नाक ओढत होते, लहान मुलासारखं.

“चुकलं माझं, सुमे,” ते म्हणाले. “लय मोठं चुकलं.”

 माफ केलं असं आत्या तेव्हा म्हणाली नाही आणि पुढंही कधी म्हणाल्याचं मला माहीत नाही. तिनं तांब्या भरला. “हात हलव,” ती म्हणाली, “थांबू नगंस. कल्ले बघ त्याचे.”

भाऊसाहेब वाचले. एका डोळ्यावर कायमचा ढग राहिला आणि शेपटीची कड झिजली ती पुन्हा पहिल्यासारखी आली नाही. पण तो पुढं बरीच वर्षं जगला, आणि त्याचं पाणी आत्याच्या ताब्यात गेलं. फोटो स्टुडिओतून अण्णा हायपोचे खडे आणायचे, नळाच्या पाण्यातलं औषध मारायला. ते किती घालायचे हे आत्याला त्यांच्याहून नेमकं यायला लागलं, तरी ती दर वेळी त्यांना हाक मारून विचारायची, मला वाटतं मुद्दाम. पिंपातलं जुनं पाणी टाकीत परत गेलं, वाळू पुन्हा धरेपर्यंत ती माशाला अगदी थोडं खायला घालायची आणि रोज सकाळी ओंजळीत पाणी घेऊन वास घ्यायची, दही लागलं का बघावं तशी. माझा नातू गंगापूर रोडच्या फ्लॅटात मासे पाळतो. त्याच्याकडे पाणी तपासायच्या रंगीत पट्ट्या आहेत, आणि ते न दिसणारं विरजण बाटलीत विकत मिळतं. मी त्याला आत्याची गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, “आजी, वाळू उकळत्या पाण्यानं धुतली? मग वाचला कसा?” मी म्हटलं, झाडांना ग्रहण लागत नाही म्हणून. त्याला काही कळलं नाही, आणि त्यानं पुन्हा विचारलंही नाही.

त्या संध्याकाळचं मात्र सांगायचं राहिलं. हायपो घातलेली टाकी अजून मासा सोडण्याजोगी नव्हती. शेजाऱ्याकडून लांब वायर आणून पंप पिंपात सोडला होता आणि अण्णा ओट्यावर पिंपाला टेकून बसले होते. मासा सरळ झाला होता. आत चूल पेटली, दिवसभराच्या उपासानंतर खिचडीचा आणि लसणाच्या फोडणीचा वास घरभर सुटला. आत्यानं पानं मांडली. मी सवयीनं स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले, निरोपाला. ती ताट ठेवून उठली, मला दंडाला धरून बाजूला सारलं आणि मागच्या दारात गेली.

“दादा,” ती म्हणाली, “जेवायला चल.”

आमच्या घरात दादा कुणीच नव्हतं. अण्णांना मी अण्णा म्हणायचे, आई अहो म्हणायची, गल्ली अण्णा म्हणायची. ते तसेच पिंपात बघत बसून राहिले. हाक आपल्याला आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. आत्यानं दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा ते उठले.